दाराबाहेरचं प्रकाशशास्त्र

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण होस्टेलात ते कुणी घेतलं असेल तर शपथ. आम्ही तिला ‘जपून’ म्हणायचो. कुणी ओल्या जिन्यावरून उतरायला लागलं की ही मागून म्हणणार, "जपून हं." कुणी स्टोव्ह पेटवला, "जपून." कुणी प्रेमात पडलं तरी हिचं तेच, "जपून हं बाई." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी पोळलंही नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची. पहिल्याच आठवड्यात नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिच्या नवऱ्यानं ते माझ्या तोंडून ऐकलं तेव्हा तो इतका हसला, की मला वाटलं याला आता ठसका लागणार.

आम्ही दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिलो. दोन खाटा, मध्ये एक टेबल, टेबलाला एकच खण आणि तोही अर्धाच उघडणारा. खिडकीतून गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगा दिसायच्या. खोलीचा माझा अर्धा भाग म्हणजे चोर येऊन गेल्यासारखा, आणि तिचा म्हणजे चोरानं येऊन आवरून ठेवल्यासारखा. साबणाची वडी आणली की ती दोऱ्यानं मधोमध कापायची. अर्धी वापरायला, अर्धी ट्रंकेत. मी एकदा विचारलं, "ट्रंकेतली कधी काढणार?" तर म्हणाली, "ही संपल्यावर. पण तेव्हा नवी आणून तिची अर्धी परत ठेवणार." म्हणजे त्या ट्रंकेत अर्धी वडी कायमची मुक्कामाला होती.

माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. सत्र सुरू झालं की ते फी भरायचे, विजेचं बिल भरावं तसं, थोडं कुरकुरत. पहिल्या वर्षी मी एका विषयात आपटले. निकाल घेऊन घरी गेले. वडिलांनी तराजू पुसता पुसता मान वर केली आणि म्हणाले, "पडलीस? मग ऊठ. दुकान अजून चालू आहे." एवढंच. मी हे परत येऊन जपूनला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मी परदेशातल्या कुठल्या राजवाड्यातलं काही सांगत होते.

तिच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, आणि आई तयार कपडे विकणाऱ्या एका दुकानासाठी घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवायची. नुसत्या कॉलरी. बाह्या दुसरी बाई शिवायची, काजं-बटणं तिसरी. जपून म्हणायची, "आमच्या आईनं हजारो शर्ट शिवलेत, पण पूर्ण शर्ट एकही नाही." घरात तिच्या पाठीवर दोन भावंडं होती. तिचं शिक्षण सगळं विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर चाललं होतं. फी, खोली, मेस, सगळं. आणि त्या शिष्यवृत्तीला अट होती. दरवर्षी ठरावीक टक्क्यांच्या वर राहायचं. एकदा खाली आलात की शिष्यवृत्ती बंद, आणि एकदा बंद झालेली पुन्हा सुरू होत नसे. ती बंद झाली तर काय, हे जपूनला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी आईच्या मशीनशेजारी दुसरं मशीन ठेवायला जागा होती.

त्या अटीनं माणसं कशी होतात, ते मी तीन वर्षं शेजारच्या खाटेवरून पाहिलं. आमच्या वर्गात तीन तऱ्हेचे लोक होते. शिष्यवृत्तीवाले पहिल्या बाकावर. ताप असला तरी वर्गात येणार, मास्तर चुकीचं बोलले तरी तेच उतरवून घेणार, हात वर करून प्रश्न कधीही विचारणार नाहीत. दुसरे कामावरून येणारे. कुणी छापखान्यात रात्रपाळी करायचा, कुणी पहाटे दूध टाकायचा. ते शेवटच्या बाकावर डुलक्या घ्यायचे आणि मास्तर त्यांना आळशी म्हणायचे. आणि मधे आम्ही, आईबापांच्या खिशावरचे. आम्ही खिदळायचो, तास बुडवायचो, मनात येईल ते विचारायचो. मास्तर पहिल्या बाकाला म्हणायचे ‘शिस्तीची मुलं’ आणि आम्हाला म्हणायचे ‘जिज्ञासू’. शिस्त कसली डोंबलाची! भीती होती ती. आणि आमची जिज्ञासा तरी काय होती? चुकलं तरी दुकान चालू आहे, हे माहीत असलेल्यांची मजा होती. हे मला आज कळतंय. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचे.

शिष्यवृत्तीचा हप्ता नेहमी उशिरा यायचा. तो रखडला की वाचनालय गच्च भरायचं, कारण बसायला दुसरी कुठली फुकटची जागाच नसे. ग्रंथपालबाई कौतुकानं म्हणायच्या, "यंदाची मुलं किती अभ्यासू!" आणि हप्ता आला की दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या बाथरूमांतून नव्या साबणाचा वास दरवळायचा. तो वास मला अजून आठवतो. कुठं लग्नाबिग्नात, हॉटेलात तसला साबण हाताला लागला की मी क्षणभर त्या ओल्या जिन्यावर उभी असते.

या शिष्यवृत्तीवाल्यांचा एक अलिखित नियम होता. ऑफिसात तोंड दाखवायचं नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, तसं यांनी विद्यापीठाच्या ऑफिसची पायरी चढायची नाही. ज्याचा चेहरा कारकुनाच्या लक्षात राहतो त्याचे कागद वर येतात, आणि कागद वर आले की काही ना काही कमी निघतंच, अशी त्यांची पक्की समजूत. हप्ता आला का, एवढं विचारायलासुद्धा कुणी खिडकीवर जात नसे. बाहेरच्या झाडाखाली उभं राहून, खिडकीवरून परतणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. मी एकदा म्हटलं, "मी विचारून येऊ का? मला काय तो खातोय?" जपूननं माझा हात घट्ट धरला. "नको गं. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

शेवटच्या वर्षी एक जादा विषय घेता यायचा. घ्यायलाच हवा असं नव्हतं. त्यात सगळ्यांत अवघड म्हणजे प्रकाशशास्त्र, आणि ते शिकवायचे भिंगसर. शर्टाच्या खिशात कायम एक भिंग. कशावरही धरून बघायचे. उत्तरपत्रिकेवर, केळ्याच्या सालीवर, एकदा तर रेक्टरबाईंच्या अंगठीवर. पेपर मात्र असा काढायचे की भलेभले झोपायचे. ‘एका सीनियरची शिष्यवृत्ती प्रकाशशास्त्रानं खाल्ली’ अशी एक गोष्ट होस्टेलात फिरत होती. तो सीनियर कोण, कुठल्या वर्षीचा, कुणी पाहिला नव्हता. पण त्याच्या नावानं शिष्यवृत्तीवाल्यांपैकी कुणीही त्या विषयाच्या वाटेला जात नसे.

मी घेतला. का, तर मैत्रिणींनी घेतला म्हणून, आणि सर मजेशीर होते म्हणून. नापास झाले असते तर झाले असते.

जपून पहिल्या दिवशी मला वर्गापर्यंत सोडायला आली आणि समोरच्या बाकावर बसली. तळमजल्याच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला तो वर्ग, आणि दारासमोर भिंतीला टेकवलेला लाकडी बाक. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. मांडीवर पुस्तक उघडं, पण पान काही उलटत नव्हतं. मग संख्याशास्त्राचा एक उंच मुलगा येऊन भिंतीला टेकून उभा राहायला लागला. मग आणखी दोघं. सगळे शिष्यवृत्तीवाले. कुणाचीतरी वाट बघत असल्याचा आव आणायचे आणि कान आत. आम्ही त्याला ‘गॅलरी’ म्हणायला लागलो.

सरांना आधी वाटलं, पोरं टवाळक्या करताहेत. शिपायाला पाठवून हाकललंसुद्धा. गॅलरी व्हरांड्याच्या वळणापर्यंत गेली आणि पुन्हा आली. मग एके दिवशी आम्ही वर्गात शिरलो, तर फळा जागेवर नाही. सरांनी तो ओढत दाराशी आणून तिरका लावला होता. आम्हाला मान वाकडी करून बघावं लागायचं, बाहेरच्यांना अगदी समोर. त्यांचा आवाजही त्या दिवसापासून चढला. मी शेजारणीला म्हटलं, "फी आपण भरायची आणि मान आपलीच दुखायची." सरांनी ते ऐकलं. हसले फक्त.

पुढं ते प्रश्नही बाहेर टाकायला लागले. "बाहेरच्यांना काय वाटतं?" बाहेर चिडीचूप. रोज विचारायचे, रोज चिडीचूप. एकदा त्यांनी असंच विचारलं, की एकाच दिव्याचा उजेड दोन फटींतून येऊन एकमेकांत मिसळला तर उजेड वाढणारच; मग काही ठिकाणी उलट अंधार का पडावा? आम्ही जिज्ञासू मंडळी छताकडे बघत होतो. आणि व्हरांड्यातून एक बारीक आवाज आला, "लाटांसारखं असेल का, सर? एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खड्डा एका जागी आला तर दोन्ही सपाट होतील."

सगळा वर्ग वळला. जपून बाकावरून उठून उभी होती आणि पुस्तकानं अर्धं तोंड झाकून घेतलं होतं. भिंगसरांनी खिशातलं भिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं. म्हणाले, "बरोबर." मग पुन्हा म्हणाले, "अगदी बरोबर." मला असा काही अभिमान वाटला, की जणू उत्तर मीच दिलं होतं.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. रोज संध्याकाळी माझी वही ओढून घ्यायची. मी काढलेल्या आकृत्या बघून कपाळावर हात मारायची, खोडरबर घेऊन दुरुस्त करायची. "उजेडात उजेड घालून अंधार," ती स्वतःशीच म्हणायची, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास नाही बसायचा." तिला ते बघायचं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला सरांच्या प्रयोगशाळेत जायचं होतं. पुढच्या वर्षी तिथं एक जागा होती, पगारी. पण जादा विषय पास झालेल्यालाच ती मिळणार होती. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात बघत नव्हते, फळ्यावरून बाहेर बघत होते.

मग प्रयोगाचा दिवस आला. खिडक्यांना काळे पडदे लावलेले. टेबलावर पिवळा दिवा, त्याच्यापुढे दोन बारीक फटी असलेली पट्टी, आणि एकेकानं डोळा लावून बघायचं भिंग. सर दाराशी गेले.

"आज दार लावावं लागेल," ते म्हणाले. "अंधार हवा. आत या सगळे."

उंच मुलगा घड्याळ बघत निघून गेला. बाकीचे दोघं त्याच्या मागून. जपून उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"सर, अट आहे."

"कसली?"

"शिष्यवृत्तीची. मी हा विषय घेतलेला नाही."

"मग घे की. नाव द्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे. आणि नुसतं बघायला तर नावही लागत नाही. ये."

पण होस्टेलातली समजूत वेगळी होती. आत बसलं की हजेरी लागते, हजेरी लागली की विषय घेतला असं धरतात, विषय घेतला की परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे तो सीनियर. सरांना ऑफिसच्या नियमांतलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःच्या रजासुद्धा शिपाई सांगायचा. ते दाराची कडी धरून उभे राहिले. मी आतून खुणा करत होते, ये ना, ये ना. तिचा उजवा पाय उंबऱ्यावर होता. रबरी चपलेचा पट्टा तिनं दोऱ्यानं शिवलेला, तो मला आतून दिसत होता.

"नको सर," ती म्हणाली. "जपून राहिलेलं बरं."

सरांनी दार लावलं. फार हळू लावलं, आवाज होऊ नये म्हणून.

मी भिंगाला डोळा लावला. पिवळे-काळे, पिवळे-काळे पट्टे. मला वाटलं, बस्स, एवढंच? खोलीवर गेल्यावर तिनं विचारलं, "दिसलं?" मी म्हटलं, "पट्टे होते." "मधला पट्टा सगळ्यात उजळ होता का?" मला आठवेना. म्हटलं, "सगळे सारखेच असतील." तिनं ट्रंक उघडली, साबणाची ती अर्धी वडी काढली, आणि कपडे धुवायला गेली. तिचे सगळे कपडे सकाळीच धुतलेले होते.

शुक्रवारी ती घरी गेली. मला आशा होती की घरून बळ घेऊन येईल आणि मुदत संपायच्या आत नाव देईल. मुदत संपल्यावर, सोमवारी आली. म्हणाली, "आईचं बोट सुईखाली आलं. तरी ती कॉलरी शिवतेय, पट्टी बांधून. मी तिला कसं सांगू, की मला उजेडाचे पट्टे बघायचेत?" यावर मी काही बोलले असते तरी ते माझ्या वडिलांच्या दुकानावर उभं राहूनच बोलले असते.

वर्षभर ती दाराबाहेर बसली. सरांनी फळा जागेवर नेला नाही. परीक्षेत मला प्रकाशशास्त्रात काठावरचे मार्क पडले, तेही तिनं दुरुस्त केलेल्या आकृत्यांच्या कृपेनं. तिचा मुख्य विषयात पहिला वर्ग आला, शिष्यवृत्ती शेवटच्या हप्त्यापर्यंत शाबूत. प्रयोगशाळेतली जागा आमच्या वर्गातल्या एका डॉक्टरांच्या मुलाला मिळाली. मुलगा चांगला होता, उगीच का नावं ठेवू. पण व्हरांड्यातलं ते उत्तर त्याला आलं नव्हतं.

होस्टेल सोडताना मात्र सगळ्यांनाच ऑफिसात जावं लागायचं, येणं-देणं काही नाही अशी सही घ्यायला. जपून आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीसमोर उभी राहिली. मी तिच्या मागं. आतल्या कारकुनाला आम्ही राक्षस समजत होतो. प्रत्यक्षात एक किडकिडीत, सर्दी झालेला, मऊ बोलणारा माणूस निघाला. त्यानं कागद पाहिले आणि कौतुकानं मान डोलावली.

"पहिला वर्ग! वा. मग जादा विषय का नाही घेतला?"

"शिष्यवृत्ती होती," जपून म्हणाली.

"मग? जादा विषयाचे मार्क शिष्यवृत्तीला धरतच नाहीत. नापास झालात तरी काही फरक पडत नाही. शिष्यवृत्तीवाल्यांनी धाडस करावं म्हणून तर तो नियम केलाय." त्यानं रुमालानं नाक पुसलं. "गंमत बघा, इतक्या वर्षांत एकानंही फायदा घेतला नाही. कुणी विचारायलाच येत नाही."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अहो, मग पाटी लावायला काय झालं होतं?"

"लावलीय की," तो बिचारा म्हणाला आणि मागं बोट दाखवलं. पाटी होती. मोठ्या अक्षरांत होती. ऑफिसच्या आतल्या भिंतीवर.

"आणि तो सीनियर?" मी विचारलं. "ज्याची शिष्यवृत्ती प्रकाशशास्त्रानं खाल्ली?"

"असा कुणी नाही बुवा. एकाची गेली होती मागं, पण तो वर्गात येतच नव्हता."

जपूननं सही घेतली. "आभारी आहे," म्हणाली. आम्ही बाहेर आलो. तीन वर्षं जगाला जपायला सांगणारी ती मुलगी, ऑफिसच्या कोरड्या ठणठणीत पायऱ्यांवर तिचा पाय चुकला. मी दंड धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "जपून!" ती पायरीवरच बसली. आधी हसायला लागली, आणि मग ते हसणं तसं राहिलं नाही. मी तिच्या शेजारी बसले. कारकून खिडकीतून बघत होता, त्यानं हळूच खिडकी ओढून घेतली. भला माणूस होता. त्याच्यावर चिडायचं ठरवलं तरी चिडता येईना.

पुढचं आयुष्य तिचं नाकासमोर गेलं. पाणीपुरवठ्याच्या तपासणी विभागात नोकरी लागली. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं, ही त्यात थेंब टाकून रंग बघायची. सगळं आयुष्य त्या बाटल्यांत गेलं. भावंडांची शिक्षणं केली, आईचं मशीन विकायला लावलं. नवरा विजेचे मीटर वाचणारा, मितभाषी, चांगला. मी कधी गेले की चहा पिताना ती बाटली उजेडात धरावी तसा पेला वर धरून बघायची. मी चिडवायचे, "काय सापडलं गं चहात?" ती म्हणायची, "जास्त साखर." मी तिच्यापुढे भिंगसरांची आठवण कधी काढली नाही. तिनंही काढली नाही.

मग तिची लेक विद्यापीठात जायला निघाली. पोरगी हुशार. घसघशीत मार्क. शिष्यवृत्ती घरी चालून आली, फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आणि जपून म्हणाली, "नको."

तिच्या नवऱ्यानं मला बोलावून घेतलं. मितभाषी माणूस त्या दिवशी घडाघडा बोलला. "तुम्ही समजवा हिला. लक्ष्मी दारात आलीय आणि ही दार लावतेय. दोघांचे पगार मिळून फी जेमतेम निघेल. वेड लागलंय का हिला?"

"अट आहे त्याला," जपून म्हणाली.

"अगं, अट सगळ्यालाच असते!"

"म्हणून तर." ती लेकीकडे वळली. "हे बघ, फी आम्ही भरू. तू जो विषय सगळ्यात अवघड वाटेल तो घे. कळला नाही तर विचार. ऑफिसात विचार, मास्तरांना विचार, शिपायाला विचार. आणि नापास झालीस तर परत बस."

मी म्हटलं, "जपून, आता नियम बदलले असतील. नीट चौकशी तरी कर. मी येते बरोबर."

ती म्हणाली, "चौकशी केली. ऑफिसात जाऊन केली. जादा विषयाला अजून मोकळीक आहे. पण मुख्य विषयाला अट आहेच. तिला आवडणारा विषय मुख्य निघाला तर? आणि नियमाचं सोड गं. नियम कागदावर असतो, भीती अंगात असते. माझ्या अंगात ती तीन वर्षं होती आणि नंतरही गेली नाही. तिच्या अंगात मला ती नकोय." तिच्या तोंडून इतकी लांब वाक्यं मी तेव्हा ऐकली, ती व्हरांड्यातल्या उत्तरानंतर पहिल्यांदाच. मी नवऱ्याला म्हटलं, "भाऊजी, भरा फी." आणि घरी येऊन स्वयंपाकघरात एकटीच रडले. का, ते नीट सांगता येणार नाही. मला माझे वडील आठवले होते.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि मला कळलं, पोरगी मुख्य विषयाच्या एका पेपरात उडाली. कुठल्या, ते विचारायची गरज नव्हती. प्रकाशशास्त्र आता मुख्य विषयात आलं होतं. मी धावतपळत गेले. वाटेत काय काय वाक्यं जुळवली होती. नातेवाईकांनी तर आधीच तोंडसुख घेतलं होतं, चांगली शिष्यवृत्ती लाथाडली, आता भोगा म्हणून.

दार उघडलं ते जपूननंच. हातात चहाचे पेले, चेहरा लख्ख.

"तुला कळलं का?" मी विचारलं.

"नापास झाली ना? हो. ये, चहा घे." आणि हळूच म्हणाली, "परवा निकाल लागल्यावर रडली, जेवली, आणि काल सकाळी मास्तरांकडे जाऊन पेपर कुठं चुकला ते विचारून आली. आज आतल्या खोलीत काहीतरी मांडून बसलीय. मला म्हणते, आई, मला समजलंच नव्हतं, आता समजतंय."

आतल्या खोलीची खिडकी चादरीनं झाकलेली. टेबलावर बोटाएवढा लाल उजेडाचा दिवा, पोरं खेळायला घेतात तसला, पुस्तकांच्या ढिगावर चिकटपट्टीनं बांधलेला. समोर भिंतीवर त्याचा एक लाल ठिपका. पोरगी खाली वाकून काहीतरी सरळ करत होती. मी आत जाऊन पलंगावर बसले. जपून दाराशीच उभी राहिली, हात पाठीमागं, चौकटीला टेकून. सवयच ती. त्या घरात ती कुठल्याही खोलीच्या दाराशी अशीच उभी राहायची, आणि इतकी वर्षं माझ्या ते लक्षात कसं आलं नाही?

"आई, आत ये ना," लेक मान वर न करता म्हणाली. "मला दार लावायचंय. अंधार हवा."

जपूननं माझ्याकडे बघितलं. मग तिनं उंबऱ्याकडे बघितलं. आणि आत आली.

दार मी लावलं.

"आता तुझा एक केस दे," लेक म्हणाली. "माझे फार बारीक आहेत."

"जपून हं," जपून डोकं पुढं करत म्हणाली, "आता थोडेच उरलेत."

लेकीनं एक पांढरा केस उपटला, तो दिव्यासमोर ताणून धरला, थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवला. भिंतीवरचा ठिपका हलला, पसरला, आणि एकदम त्याचे तुकडे झाले. लाल, काळा, लाल, काळा. एका रांगेत, दोन्ही बाजूंना, लांबवर. एकाच दिव्याचा उजेड केसाच्या दोन्ही अंगांनी गेला होता आणि मधे मधे अंधार पडला होता.

जपून भिंतीपाशी गेली. अगदी जवळ, नाक लागेल इतकी. तिनं बोट उचललं, पण लावलं नाही, सावली पडेल म्हणून. लेकीचा हात अवघडला होता, तरी तिनं केस हलू दिला नाही.

"काय गं," शेवटी जपून मला म्हणाली, पाठमोरीच. "मधला सगळ्यात उजळ आहे की."